नुसतं न्हाई म्हणा

रतनबाईला सकाळपासून एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती गोष्ट पितळेच्या ताटात बसून तिच्याकडेच येत होती. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. छावणीतला एकेक जण पुढे होई, चिमूटभर उचलून कपाळाला लावी आणि म्हणे, "टाकीची तोटी म्या उघडी ठिवली न्हाई. खोटं बोलत आसंल तर माझा वंश बुडंल." मग ताट पुढच्यासमोर.

सलग दुसरं वर्ष कोरडं गेल्यावर गावच्या दूध संस्थेने माळावर जाळीचे मांडव घालून ही गुरांची छावणी उघडली होती. तीनशे जनावरं, आणि टँकर एक दिवसाआड. काल संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. आज उजाडताना बघतात तो टाकी कोरडी, तोटी उघडी आणि खाली घोटाभर चिखल. आता उद्यापर्यंत पाणी नाही. जनावरं हंबरून हंबरून गप्प व्हायला लागली होती, आणि ते गप्प होणं ऐकवत नव्हतं. ज्याने हे केलं त्याची जनावरं आजच्या आज छावणीबाहेर, असा ठराव चेअरमन राधाकिशनरावांनी उभ्याउभ्या करून टाकला. पाणी नसलं तरी संस्थेत ठरावांचा दुष्काळ कधीच नव्हता.

रतनबाईची एकच गाय, चांदी. नवरा शमुवेल वारल्यापासून घरात बोलायलाही तीच होती. छावणीबाहेर ना चारा, ना पाणी. म्हणजे चांदीला बाजार दाखवायचा, आणि या दिवसांत बाजारात गाय कोण घेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गावात ख्रिस्ती घर हे एवढंच. दर रविवारी रतनबाई एसटीने पाटोद्याला उपासनेला जाई, बाकी सहा दिवस गावासारखीच गावात राही. लग्नाकार्यात तिला बोलावणं असे, तिच्या हातचं पाणीही लोक पीत. भांडण कधी नव्हतं, कारण प्रश्नच कधी आला नव्हता. आज तो आला होता.

तिच्या आधी धोंडीराम होता. हा शमुवेलचा जुना दोस्त. देवधर्म सगळा झूट आहे, हे तो चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगे की लोकांनी ऐकणं सोडून दिलं होतं. रतनबाईलाही छेडायचा, "वैनी, तुमच्या येशूला म्हणावं आमच्या टाकीकडं बघ जरा." त्या धोंडीरामने ताटात बोटं बुडवली, कपाळभर भंडारा फासला आणि सगळी शपथ एका दमात म्हणून टाकली. मग ताट तिच्यासमोर आलं.

"म्या उचलनार न्हाई," रतनबाई म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की राधाकिशनरावांनी तिला परत म्हणायला लावलं.

"कावून?"

"आमच्यात शपथ घेत न्हाईत, अण्णा."

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं की चोराच्या मनात भ्या असतंय, आणि भ्या तर तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. राधाकिशनराव वाईट माणूस नव्हते, फक्त घाईत होते.

"मावशी, हितं धर्म आणू नका. छावणी सहकाराची हाय, समद्यांची हाय. ह्यो निसता रिवाज. धोंड्या देव मानत न्हाई, त्यानं उचलला. रहीमभाईनं कुराणाची घेतली. तुमी बायबलाची घ्या, आमचं काय म्हननं न्हाई."

"बायबलातच सांगितलंय, शपथ घेऊ नका म्हनून," रतनबाई म्हणाली. "मग त्याचीच शपथ कशी घेऊ?"

दोघेतिघे हसले. पण तिच्यात कुठून कोण जाणे, थोडं बळ आलं. "जो मानत न्हाई त्यो बी उचलतोय, अण्णा. मग त्या उचलन्याला काय किंमत ऱ्हायली? आमाला येशूनं सांगितलंय, हो तर हो म्हना, न्हाई तर न्हाई. त्याच्यावर काय लागत न्हाई. माझा शब्द शपथंवाणीच धरा."

राधाकिशनरावांनी ताट खाली ठेवायला सांगितलं.

"बरं. शपथ नको. तुमचा शब्द धरतो. नुसतं न्हाई म्हणा. तोटी म्या उघडी ठिवली न्हाई, एवढंच."

आणि तिथेच रतनबाई अडली.

काल संध्याकाळी शेवटची बादली तिनेच भरली होती. भरता भरता चांदीने दावं सोडवलं म्हणून ती बादली टाकून धावली. तोटी बंद केली होती का? सकाळपासून ती आठवून आठवून थकली होती. कधी वाटे, केली होती, तोटीचा गार पितळी स्पर्श हाताला आठवतोय. कधी वाटे, तो स्पर्श परवाचा असेल. शपथ नाकारायची, एवढीच तिची तयारी होती. आपल्या शब्दालाच शपथेचं वजन दिल्यावर तो शब्द किती जड होतो, याचा तिने विचारच केला नव्हता. एक 'न्हाई' म्हटलं की चांदी वाचत होती, आणि सगळे ऐकायला तयार होते.

"मला आठवत न्हाई," ती म्हणाली. "शेवटची बादली माझीच व्हती. म्या बंद केली आसंल, न्हाई बी केली आसंल."

राधाकिशनरावांनी मान फिरवली. ठराव त्यांचाच होता.

रतनबाईने चांदीचं दावं सोडलं आणि ती चालू लागली. माळाच्या उतारापर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मग मागून पावलं वाजली. धोंडीराम पळत आला होता.

"वैनी, थांब. तोटी तू बंद केलती."

रतनबाई थांबली.

"पहाटं म्या उघडली. पोरगी बाळातपनाला आलीय, घरी थेंब नव्हता. ड्रम लावला आन फोन आला, तिच्या पोटात दुखाया लागलं. ड्रम उचलून तसाच पळालो, तोटी ऱ्हायली. तिला पाटोद्याच्या दवाखान्यात टाकून आलो तवर हितं..." त्याला दम लागला. "आजून सुटका न्हाई तिची. आन म्या वंश बुडंल म्हणून बसलो. म्या असलं काय मानत न्हाई, तुला ठावं हाय. पर ते शब्द तोंडातून गेले, वैनी. तुज्या देवाला सांग, तेवढे परत घे म्हणावं."

रतनबाईला त्याचा राग आला, चांगला कडकडीत राग. एवढ्या लोकांसमोर तिचा जीव जात होता आणि हा कपाळ पिवळं करून बाजूला उभा होता. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते तोंड ओळखीचं वाटलं. सकाळपासून ते तिचंच होतं.

"भंडाऱ्यानं लेकरू मरत न्हाई, भावजी," ती म्हणाली. "पर ते शब्द देव न्हाई परत आननार. जिथं बोललात तिथंच जावं लागंल."

"बैलं सोडतील माझी. आन तोंड कसं दावू? तूच सांग ना जाऊन."

"कुनी इचारलं तर म्या दडवनार न्हाई. पर तुमच्या तोंडचं तुमीच बोला."

"लई भ्या वाटतंय, वैनी."

"मला काय कमी वाटलं? आताबी वाटतंय. चला."

चांदीला काहीच सांगावं लागलं नाही. मांडवाच्या सावलीकडे तोंड होताच ती आपणहून चालू लागली. धोंडीराम दोन पावलं मागे राहिला, मग बरोबरीने आला.

माणसं अजून पांगली नव्हती. गाय परत आलेली पाहून राधाकिशनराव काही बोलणार, तोच धोंडीराम पुढे झाला. कपाळावरचा भंडारा घामाने ओघळून त्याच्या डोळ्यांत चालला होता. "अण्णा, ती तोटी," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द निघेना.

रतनबाईने डोळे मिटून त्याच्या लेकीसाठी मागणं केलं, मग त्याच्यासाठी. चांदीसाठी मागायच्या आतच तिला धोंडीरामचा आवाज ऐकू आला. तो म्हणत होता, "म्या."