गुंडूचा आवाज

"बोलला, पण ऐकून घेतलं का त्यानं?" अंगणवाडीच्या चांगुणाताईंनी विचारलं आणि पदराने चष्मा पुसायला घेतला.

टॅबमधला हिरवा पोपट एव्हाना पुढच्या प्रश्नावर गेला होता. "आज काय खाल्लं?" असं विचारून, अंगणवाडीतली पोरं भाकरी, भात, बिस्कीट असं ओरडत होती तोवरच तो "अरे वा, छान" म्हणून मोकळा झाला होता. एकाने माती खाल्ली म्हणून सांगितलं. त्यालाही "अरे वा, छान" मिळालं.

निवेदिताने हसू आवरलं. पोपट मुलांच्या खरंच उपयोगाचा आहे का, हे पाहायला पुण्याच्या एका संस्थेने तिला उमरग्याजवळच्या या गावात पाठवलं होतं. ताईंचा होकार मिळाला तर टॅब इथेच राहणार होता आणि गोष्टीच्या वेळी ताईंच्या गुंडू माकडाऐवजी पोपट बोलणार होता.

"ताई, एखादं खेळणं चांगलं की वाईट, हे तुम्ही कसं ठरवता?"

"त्याच्यात काय अवघडंय? खेळणं किती बोलतंय त्ये बघू नका. पोरगं बोलतंय का त्ये बघा. मुकं लेकरू बोलतं झालं की पास."

हे ताईंनी मुद्दामच ठणकावून सांगितलं. या मापाने पोपट नापास होणार, याची त्यांना खात्री होती.

गुंडू म्हणजे हातात घालून नाचवायचं कापडी माकड. नोकरीला लागल्या त्या वर्षी ताईंनी आईच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं. त्याच्या एका डोळ्याचं बटण काळं, दुसरं तपकिरी. ताई घोगरा आवाज काढायच्या आणि गुंडू बोलायचा. आईला न सांगितलेलं पोरं गुंडूला सांगायची. लहानपणी इथेच शिकलेला आणि आता हैदराबादपर्यंत ट्रक नेणारा कल्याणप्पा अजूनही अंगणवाडीपुढे गाडी उभी करून "गुंडू बराय का, बाई?" असं विचारायचा. एवढा मिशाळ माणूस माकडाची चौकशी करायचा त्या दिवशी ताईंना दोन घास जास्त जायचे. अलीकडे मात्र घसा साथ देत नव्हता. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. आपल्यामागे गुंडूला कोण बोलतं करणार, ही काळजी त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

एका मुलीपुढे मात्र गुंडूचंही काही चाललं नव्हतं. वैष्णवीची आई सीमेपलीकडच्या आळंदची. घरी पोरीची कानडीत अखंड बडबड, अंगणवाडीत आली की तोंडाला कुलूप. ताईंनी मराठीत विनवलं, मोडक्यातोडक्या कानडीत विनवलं, गुंडूकडून गुदगुल्या करवल्या. पोरगी काही बधली नाही.

खिचडी झाल्यावर पोरं हात धुवायला पळाली. टॅब सतरंजीवर तसाच होता. त्यात पोपटाचा, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणायचा खेळ चालू राहिला होता. वैष्णवी त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"बा," ती हळूच म्हणाली. म्हणजे ये.

"बा," पोपट तिच्याच आवाजात म्हणाला.

ती खुदकन हसली. "अव्वा, बा." म्हणजे आई, ये.

"अव्वा, बा."

मग त्या दोघांचं सुरूच झालं.

ताई हातात पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्याच्याच मागोमाग आत काहीतरी तुटलं. निवेदिता बाहेर नळावर होती. तिने काही पाहिलं नव्हतं. ताई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

त्या बाहेर गेल्या. "म्याडम, तुमचा पोपट पास."

"पण सकाळी तर तुम्ही..."

"व्हय. म्याच म्हणलं हुतं, मुकं लेकरू बोललं की पास. आमची वैष्णवी बोलली. फकस्त त्याला ऐकून घ्यायला शिकवा. माती खाल्ली म्हणलं तरी छान म्हणतंय."

आत येऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. गुंडूला आत ठेवणार, तोच वैष्णवीने तो ओढून घेतला. टॅबपुढे नेऊन बसवला, पोपटाकडे बोट दाखवलं आणि ताईंकडे बघत राहिली. आता गुंडूने बोलायचं होतं.

गुडघ्यावर हात टेकत ताई खाली बसल्या. गुंडूत हात घातला. "काय रं राघू, जेवलास का?"

"काय रं राघू, जेवलास का?" टॅबमधून गुंडू बोलला.

ताईंनी हा आवाज असा समोरून कधी ऐकलाच नव्हता. किती मायाळू होता तो, थोडा फाटका, थोडा खट्याळ. एवढी वर्षं पोरांना हे ऐकू येत होतं तर. त्यांचे डोळे भरून आले. पुन्हा एकदा ऐकावा म्हणून त्या टॅबवर वाकल्या.

तेवढ्यात गुंडूचा हात ओढत वैष्णवी म्हणाली, "बा."

"बा," पोपट म्हणाला. त्याच्याजवळ एका वेळी एकच आवाज राहायचा; गुंडूचा पुसला गेला होता.

ताईंनी घसा खाकरला.

"आलो गं," गुंडू म्हणाला.