थोरल्यांच्या शेजारचं मरण

थोरल्यांना झटका येऊन आठ दिवस झाले होते आणि टीव्ही म्हणत होता, ते विश्रांती घेताहेत. सत्तावीस वर्षं देशाचे मालक. नाव तोंडाने घ्यायची कोणाची छाती नव्हती, म्हणून नुसतं ‘थोरले’. विनोदी कार्यक्रम बंद झाले होते, दिवसभर दुतारवर रडकी गाणी चालायची. त्यांच्यामागे कोण, हे विचारायची सोय नव्हती, आणि दुसरं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. पंतप्रधान, गुप्त पोलिसांचे प्रमुख आणि थोरल्यांची मुलगी, तिघांच्या मोटारी इस्पितळाबाहेर उभ्या असतात, एवढीच लोकांना खबर.

नेमके तेव्हाच माझे वडील वारले.

वडिलांचं नाव एर्गाश. चाळीस वर्षं त्यांनी मोहल्ल्यातले तंदूर बांधले. खांदा द्यायला अर्धं शहर लोटेल, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण आमचं घर चुकीच्या जागी. थोरले ज्या घरात जन्मले त्याची आणि आमची भिंत एक. तिथे आता संग्रहालय आहे आणि दारात पहारा.

सकाळी आठला वडील गेले. माझा मोठा भाऊ मुताल, त्याने रीतीप्रमाणे चोगा चढवला, कमरेला रुमाल बांधला आणि दारात उभा राहिला. मीही शेजारी उभा राहिलो. कमर बांधलेले पुरुष दारात दिसले की घरात माणूस गेलं, हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी एक दूधवाली थांबली. तिने आमच्याकडे बघितलं, संग्रहालयाकडे बघितलं, आणि दुधाचे कॅन तिथेच टाकून पळत सुटली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तासाभरात मोहल्ला समितीचे अध्यक्ष हकीमकाका सपाता फटफटवत धावत आले.

“सोडा! कमरेचं सोडा आधी!”

“काका, वडील गेले,” मुताल म्हणाला.

“कळलं रे बाबा, देव त्याला जन्नत देवो. पण शहरात काय बोंब झालीय ठाऊक आहे? थोरले गेले म्हणून! बाजारातलं पीठ संपलं, साखरेवरून डोकी फुटली. थोरल्यांच्या गल्लीत दोन गडी कमर बांधून उभे म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं?”

“मग सांगा ना लोकांना, आमचा एर्गाश गेला म्हणून.”

“मी सांगू? थोरल्यांच्या तब्येतीबद्दल मी बोलू?”

“तब्येतीचा काय संबंध?”

“थोरले गेलेले नाहीत, हे सांगणं म्हणजे तब्येतीबद्दलच बोलणं झालं ना, शहाण्या!”

आम्ही रुमाल सोडले. काका अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसून परवानगीसाठी फोन फिरवू लागले. आमच्यात सूर्य मावळायच्या आत माती द्यावी लागते, आणि उन्हाळा मी म्हणत होता. राज्यपालांच्या कचेरीने सांगितलं, गुप्त पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाले, जनाजा म्हणजे जमाव, ते पंतप्रधानांच्या माणसांना विचारा. पंतप्रधानांच्या माणसाने विचारलं, “कुठल्या पंतप्रधानांच्या? आजच्या की उद्याच्या?” आणि फोन ठेवला.

“कोणी हो म्हणणार नाही,” काका कपाळ पुसत म्हणाले. “आज यांनी हो म्हटलं आणि उद्या तिसराच बसला तर?”

एरवी हीच माणसं लग्नात पुलावाची पातेली किती ते ठरवून देत. आता एक तंदूरवाला पुरायचा तर कोणाचं डोकं हलेना. मला असा संताप आला की काकांचा फोन विहिरीत फेकावासा वाटला. पण मीही काय मोठा वाघ होतो? दुपारी आईला राहवेना. तिने वडिलांच्या पायाशी बसून गळा काढला. आमच्याकडे बायका मेलेल्याचे गुण गात रडतात, आणि तिने पहिलीच ओळ उचलली होती. मी धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

“आई, नको. भिंतीपलीकडे पहारा आहे.”

ती माझ्या तळव्याला कडकडून चावली. मग गप्प झाली. पंचावन्न वर्षांचा संसार झाला होता तिचा, आणि मी तिला रडू दिलं नाही.

पाच वाजता काका उठले. “मी काही बघितलेलं नाही,” एवढंच म्हणाले आणि गेले. आम्ही वडिलांना मागच्या दाराने नानच्या गाडीत घालून कबरस्तानात नेलं. मुताल, मी, गाडीवाला आणि मौलवी. मौलवींनी नमाज कुजबुजत म्हटली. मयताचा पुलाव शिजला नाही, शेजारी पडद्याआडून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीने सांगितलं, थोरले गेले. अंत्यविधी समितीचा अध्यक्ष जो, तोच पुढचा मालक, हे आमच्याकडे रशियनांच्या काळापासून शेंबडं पोरही जाणतं. अध्यक्ष निघाले सिंचनमंत्री. त्यांचा विचारसुद्धा कोणी केला नव्हता. हकीमकाकांचा जीव भांड्यात पडला. फोन कोणाला करायचा ते आता ठरलं होतं.

चार वाजता नवे साहेब जन्मघर बघायला येणार होते. काकांनी घरोघर हुकूम दिला: पुरुषांनी कमर बांधून दारात, बायकांनी उंबऱ्यावर, आणि आवाज रस्त्यापर्यंत आला पाहिजे. मुतालने आणि मी कालचेच रुमाल बांधले. आई उंबऱ्यावर बसली आणि मोटारी गल्लीत शिरल्या तशी फुटली. तंदुराच्या मातीबद्दल, भाजलेल्या मनगटांबद्दल, न सांगता गेलास म्हणून. छाती बडवून घेतली. कॅमेरावाला तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मला तिला धरावंसं वाटलं, पण तिच्या अंगाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळच्या बातम्यांत ती होती. शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून वर वाजंत्री घातली होती, आणि निवेदिका म्हणाली, “देश आपल्या पित्यासाठी रडतो आहे.”

तेवढ्यात हकीमकाका आले, चेहरा फुललेला. “वहिनी, नव्या साहेबांनी स्वतः विचारलं, ती म्हातारी कोण! उद्या थोरल्यांची पेटी हमरस्त्याने जाणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत हव्यात.”

मुताल ताडकन उठला. “चालते व्हा, काका! बापाला चोरासारखा पुरायला लावलात, आणि आता आईला नाचवता?”

“बस खाली,” आई म्हणाली. रडून रडून तिचा आवाज घोगरा झाला होता. ती काकांकडे वळली. “किती वेळ रडू देतील?”

“पेटी जाईपर्यंत. तासभर तरी.”

आईने जरा विचार केला.

“चालेल,” म्हणाली. “येईन मी.”