पराभव नावाचा ठसा

मित्रांनो, मी छापखान्यातला एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्या अंगावर एकच शब्द उलटा कोरलेला आहे : पराभव.

आपल्या पंचांगात प्रत्येक वर्षाला नाव असते. अशी साठ नावे आहेत. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. १९६६च्या पाडव्याला पराभव संवत्सर लागणार होते. कसबा पेठेत बाळ रिसबुडांचा छापखाना होता. त्यांच्या पंचांगाच्या मुखपृष्ठासाठी दत्तोबा सुतारांनी मला शिसवी लाकडात कोरले. त्याच वर्षी मालकांना मुलगी झाली, वासंती.

छपाई संपल्यावर मालकांनी मला रॉकेलने पुसले आणि कपाटाच्या खणात ठेवत म्हणाले, "आता तुला साठ वर्षं रजा."

पुढे दर पाडव्याला माझ्याशेजारी नवा ठसा येई. सौम्य आला, आनंद आला, राक्षस आला. मग मालक गेले आणि छापखाना बंद पडला. ओळखीचे लोक आठवण म्हणून ठसे मागून नेऊ लागले. आनंद सगळ्यांत आधी गेला. राक्षससुद्धा एका नाटकवाल्याने हौसेने नेला. क्षयला वाळवी लागली. मला मात्र जो तो उचले, अक्षरे लावून वाचे आणि खाली ठेवी. पराभव घरात कोण ठेवणार? एवढ्या मोठ्या कपाटात मी एकटा उरलो. गणपतीत ढोल वाजले की कपाट हादरे, तेवढीच सोबत.

यंदा गाळा भाड्याने द्यायचा म्हणून मालकांचा मुलगा अवधूत आवराआवर करू लागला. त्याने मला भंगाराच्या पोत्यात टाकले. मदतीला आलेल्या वासंतीताईंनी मला बाहेर काढले.

अवधूतची मुलगी स्पृहा जपानी शिकते. ती म्हणाली, "आत्या, तुझं जन्मवर्ष तिकडेही बदनाम आहे. बारा प्राण्यांची वर्षं आणि पाच तत्त्वं, असं त्यांचंही साठ वर्षांचं चक्र असतं. १९६६ अग्नी-घोड्याचं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली लोकांना सून म्हणून नको असायच्या. यंदा तेच वर्ष परत आलंय."

"त्यासाठी जपान कशाला?" वासंतीताई म्हणाल्या. "पत्रिकेतलं संवत्सर वाचून दोन स्थळं इथूनच परत गेली."

अवधूत ओशाळून म्हणाला, "ताई, टाक ना तो. कशाला ठेवतेस?"

"नावच तसं आहे रे. त्यानं कुणाचं काय केलंय?"

त्यांनी स्पृहाकडून शाई मागून घेतली आणि मला कागदावर दाबले. साठ वर्षांनी मी पुन्हा उमटलो, एका कोपऱ्यात थोडा फिकट. शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर हलकेच फुंकर घातली. मग मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेल्या.

आता मी कात्रजला त्यांच्या टेबलावर असतो. त्या एकट्याच राहतात. संध्याकाळी एका हातात चहाचा कप असतो, दुसऱ्या हातात मी. फारसे बोलणे होत नाही.

पुढचे पराभव संवत्सर २०८६ साली येईल. तेव्हा वासंतीताई नसतील. मी कुठे असेन, ठाऊक नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या हाती लागलो, तर नुसते नाव वाचून मला बाजूला सारू नका. थोडा वेळ हातात धरा.