कोऱ्या फाशावरचे चार

सहावा चमचा मीठ विरघळलं तेव्हा कुठे फासा तरंगला.

मापाडीने ग्लासात वाकून टिचकी मारली. वीस पैलूंचा हिरवा फासा पाण्यात गिरकी घेऊन थांबला आणि वर सात आला. पुन्हा टिचकी. तेरा. पुन्हा टिचकी. दोन. फाशाच्या पोटात एका बाजूला शिसं भरलेलं असतं, तर तोच तोच आकडा वर आला असता. हा फासा धुतल्या तांदळासारखा निघाला. मापाडीला वाईट वाटलं.

"साहेब, सरबत करताय?" शिपायाने दारातून विचारलं.

"तपासणी."

"कुठल्या दुकानाची?"

"घरची."

शिपाई निमूट गेला. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाने घरची तपासणी काढली यात नवल नव्हतं. इतकी वर्षं ती काढली नव्हती, हेच नवल.

मापाडी हे अर्थातच खरं नाव नव्हे. खरं नाव बायकोला आणि पगारपत्रकाला ठाऊक होतं. तो दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचा आणि बरोबर असेल त्याला शिक्का मारायचा. खोटी वजनं जप्त करून कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवायचा, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून : कुणाचं, कधी. या नोकरीने त्याला एक गोष्ट शिकवली होती. चुकणारा तराजू बिचारा असतो; कधीच न चुकणाऱ्यावर नजर ठेवावी.

आणि दाजी कधीच चुकत नव्हते.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. नगरपालिकेच्या गटार विभागात नकाशे काढून निवृत्त झालेला सरळ माणूस. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता दाजी, मापाडी, एक दातांची डॉक्टरीण आणि एक लिफ्ट दुरुस्त करणारा असे चौघे डॉक्टरणीच्या बंद दवाखान्यात, हिरड्यांच्या तक्त्याखाली, राक्षस मारायला जमत. खेळ साधा होता. मापाडी गोष्ट सांगायचा : समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे. बाकीचे तिघे गोष्टीतली माणसं व्हायचे आणि काय करणार ते सांगायचे. जमलं की फसलं, ते फासा ठरवायचा. वीस आले तर चमत्कार, एक आला तर सर्वनाश. दाजींचा म्हातारा जादूगार अकरा वर्षं जिवंत होता. लिफ्टवाल्याचे या काळात सात योद्धे गेले, त्यातले तीन पायऱ्यांवरून पडून. नियमांचं पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं होतं आणि आता त्यात कागदापेक्षा चिकटपट्टी जास्त होती. भुयारांचे नकाशे दाजी काढत, केसासारख्या बारीक रेघांचे. प्रत्येक भुयाराला उत्तम उतार असे आणि पाणी कुठेही तुंबत नसे.

टेबलाचा एकच रिवाज होता, तोही दाजींनीच पहिल्या दिवशी घातलेला. आपला फासा आपण टाकायचा, आपणच वाचायचा. दुसऱ्याच्या फाशात डोकवायचं नाही. "खेळात पोलीस नको," दाजी म्हणाले होते.

मापाडी डोकावत नव्हता. फक्त बोललेले आकडे वहीत टिपत होता, सवय म्हणून. त्या वहीनुसार गेल्या चौदा रविवारांत दाजींनी दोनशे बारा वेळा फासा टाकला होता. त्यात वीस एकदाही नाही. एक हा आकडाही एकदासुद्धा नाही. सगळं मधलंमधलं, समंजस, पेन्शनीतल्या माणसाला शोभेल असं. असा फासा जगात नसतो.

बाकीचा पुरावाही साचत चालला होता. दाजी हल्ली बोलताना तोंडाकडे बघत नसत. मान कोंबडीसारखी वाकडी करून कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत. नजर चुकवणारा दुकानदार मापाडीने शंभरदा पाहिला होता. नकाशे काढणं त्यांनी सोडलं होतं, "कंटाळा आला" म्हणून. आपल्या जादूगाराची माहिती जाड काळ्या पेनने, दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत नव्याने लिहून आणली होती, "जरा बरं दिसतं" म्हणून. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दाजींना एकाएकी चौथी आवृत्ती हवी झाली होती.

दाजींचा फासा निर्दोष ठरला, म्हणजे आता राहिली जीभ. रिवाज न मोडता जीभ तपासायची कशी? खात्यात यासाठी खोटं गिऱ्हाईक पाठवतात. मापाडीने तसलाच एक हिरवा फासा विकत आणला आणि दोन संध्याकाळी बसून पॉलिश पेपरने त्याचे वीसच्या वीस आकडे घासून काढले. कोरा फासा. खरा माणूस म्हणेल, "अरे, यावर काहीच नाही." लबाड माणूस म्हणेल, "सतरा."

रविवारी वाद आधी झाला.

"चौथीत कुणी मरतच नाही," लिफ्टवाला म्हणाला. "मरायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हा काय खेळ झाला? केबल तुटली तर लिफ्ट मला विचारून पडते का?"

"धंदा आहे तो," मापाडी म्हणाला. "मेलेला माणूस पुढच्या महिन्याची वर्गणी भरत नाही. म्हणून कंपनी कुणाला मरू देत नाही."

"पण जादूचे नियम सुटसुटीत केलेत," डॉक्टरीण म्हणाली. "आपल्या पुस्तकात पडण्यावर सोळा पानं आहेत. मला दाढ काढायला एवढं वाचावं लागलं नव्हतं."

"वाचायला हवं होतं," लिफ्टवाला गाल चोळत म्हणाला.

"मला वाटतं, घेऊन बघू या," दाजी तक्त्यातल्या हिरड्यांकडे बघत म्हणाले. "फासासुद्धा फोनवर आहे. बोट लावलं की फिरतो आणि आकडा मोठ्यानं सांगतो."

"मोठ्यानं कशाला सांगायला हवा?" मापाडी म्हणाला. "आपल्याला डोळे नाहीत का?"

डॉक्टरणीने चहाचा कप उगाच फिरवला. मापाडीच्या मनात मात्र पक्कं झालं : कंपनीचं काहीतरी आहे. एखादं कूपन, एखादी टोपी. माणूस कशानेही फुटतो.

खेळ सुरू झाला. म्हातारा जादूगार दरीवरच्या दोराच्या पुलावर होता, खाली दगड होते. दाजी चहाला वाकले तेवढ्यात मापाडीने फासा बदलला. हात सफाईने चालला. सरकारी हात होता.

"पूल हलतोय," मापाडी म्हणाला. "दहाच्या वर हवेत."

दाजींनी फासा टाकला. डॉक्टरणीच्या स्टीलच्या ट्रेमध्ये तो खणखणला आणि थांबला, सगळीकडून सारखाच हिरवा, कैरीसारखा. दाजींनी मान वाकडी केली, ट्रेच्या कडेकडे पाहिलं आणि थोडा वेळ घेतला.

"चार," ते म्हणाले. "मेलो बहुतेक."

लिफ्टवाल्याने तोंड उघडलं. टेबलाखाली डॉक्टरणीची लाथ बसली तसं मिटलं. मग ती दोघंही मापाडीकडे बघू लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं की शिक्क्याचा माणूस दारात आल्यावर दुकानदाराला काय वाटत असेल.

चार. लबाड माणूस चार का म्हणेल? चार म्हणजे मरण. कोऱ्या फाशावर स्वतःचं मरण वाचणारा माणूस लबाड असतो, की त्याला काही दिसतच नसतं?

"पडला ना?" दाजींनी विचारलं.

"पडला," मापाडी म्हणाला. "पण खाली पाणी आहे."

"मघाशी दगड होते."

"दगडांच्या मधे पाणी आहे."

"किती खोल?"

"पुरेसं," मापाडी म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच माप न देता माल दिला होता.

जाताना बेसिनपाशी डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "चार महिने होत आले. समोरचं दिसत नाही त्यांना, फक्त कडेचं दिसतं. वाढणार म्हणतात."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"दाजींनीच बजावलं होतं. म्हणाले, त्याला कळलं तर तो मला तपासायला बसेल."

पुढच्या रविवारी मापाडी सर्वांच्या आधी येऊन बसला. चहा झाल्यावर खाकरून म्हणाला, "मला वाटतं, चौथी घेऊन टाकू."

"कंपनीनं काय दिलं?" लिफ्टवाल्याने विचारलं. "टोपी?"

दाजींची मान वाकडी झाली. या वेळी ते बरोबर मापाडीकडे बघत होते, त्यांच्या पद्धतीने. "तुझ्या ताईनं सांगितलं?"

"नाही. फाशानं."

मापाडीने खिशातून कोरा फासा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. दाजींनी अंगठा फिरवला. एक पैलू, दुसरा, पाचवा.

"गुळगुळीत आहे."

"हो."

"हा टाकला मी?"

"हो, दाजी."

"आणि म्हणालो काय?"

"चार."

दाजी बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे पोलीस घातलास खेळात."

"चुकलो."

"अरे, मीही चोरच की," दाजी म्हणाले. "दोन बरे आले की तिसरा वाईट सांगायचो, हिशेबानं. पण वीस म्हणायची लाज वाटायची. आणि एक म्हणायची भीती."

डॉक्टरणीने त्यांचा कप पुन्हा भरला.

"घेऊ या ना चौथी," डॉक्टरीण म्हणाली. "आकडा बोलून दाखवतो तो."

"नको. फोनवरचा फासा कंपनीचा. कुणाला मरूच द्यायचं नाही म्हटल्यावर तो मला एक कशाला सांगेल?" दाजींनी मापाडीपुढे हात केला. "माझा फासा आण."

मापाडीने खरा फासा दिला. अजून त्याला किंचित मीठ लागलेलं होतं. जादूगार कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि काठावर राक्षस होता. दाजींनी फासा टाकला. मापाडीची मान आपोआप पुढे गेली.

"डोकावू नकोस," दाजी म्हणाले.

त्यांनी वरचा पैलू ढळू न देता फासा दोन बोटांत धरला आणि अंगठ्याचं नख कोरलेल्या आकड्यावरून नेलं. एक उभी रेघ लागली. नख रेघेच्या डावीकडे गेलं, काही नव्हतं. उजवीकडे गेलं. तिथे शून्य असतं तर दहा, आणखी एक रेघ असती तर अकरा. नख पुन्हा डावीकडे आलं, पुन्हा उजवीकडे गेलं. राक्षस थांबला होता. लिफ्टवाला छताकडे बघत होता. अकरा वर्षांत तो कधी एवढा वेळ दुसऱ्याच्या फाशाकडे न बघता राहिला नव्हता.

"एक," दाजी म्हणाले. "शेजारी कुणी नाही. एकच."

मापाडीने वही उघडली आणि एक लिहिला. "खाली पाणी..." तो म्हणू लागला.

"बस झालं तुझं पाणी," दाजी म्हणाले. "गेला म्हातारा. नियमानं गेला." त्यांनी जाड अक्षरांचा कागद चार घड्या घालून बाजूला ठेवला. मग डॉक्टरणीकडे नवा कागद आणि जाड पेन मागितलं.

सोमवारी मापाडीने कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि खोट्या वजनांच्या रांगेत, पोकळ किलो आणि घासलेल्या पाव किलोच्या मधे, कोरा फासा ठेवला.

"कुठल्या दुकानाचं, साहेब?" शिपायाने विचारलं.

मापाडीने चिठ्ठी घेतली. तारीख घातली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, पगारपत्रकात असतं तसं. फाशाला दोरा बांधायला खाच नव्हती, म्हणून चिठ्ठी त्याने खाली ठेवली आणि वर फासा.