‘मॅडनिंग’ला कुणाचं वाक्य?

आमच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत दर गुरुवारी चहाबरोबर वाक्यांची निवड होते. एका शब्दाचा वापर दाखवणारं एकच वाक्य छापायचं. चिठ्ठ्यांवर नाव नसतं, सगळ्या एकाच टाइपरायटरवर उतरवलेल्या; जिंकणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागतं. आम्ही सहा जणांनी आवडलेल्या वाक्याला पेन्सिल वर करायची, स्वतःच्या वाक्याला मात्र करायची नाही.

बावीस वर्षं माझीच वाक्यं जास्त छापली गेली. मग सव्वीस वर्षांची रोझलिंड आली आणि गेले अकरा गुरुवार तीच जिंकतेय. माझ्या पोटात दुखत होतं, खोटं कशाला बोलू?

या गुरुवारी शब्द होता ‘मॅडनिंग’. आमचे प्रमुख हॅलम म्हणाले, “नुसतं राग आणणारं नव्हे हं. आपल्याला काही करता येत नाही, म्हणून डोकं फिरवणारं.”

मला शोधायला लांब जायचंच नव्हतं. ती समोर बसली होती, चहात आल्याचं बिस्किट बुडवत. मेलं तिचं बिस्किटही कधी तुटून कपात पडत नाही! मी लिहिलं: ‘ती कधीच चुकत नाही आणि वर गोडही वागते, हे मॅडनिंग आहे.’

शेवटी दोनच चिठ्ठ्या उरल्या. दुसरी होती: ‘आई मला हाक मारते आणि मी गेले की कशाला बोलावलं तेच विसरते, किती मॅडनिंग!’ ही रोझलिंडची, मी लगेच ओळखलं. माझ्यापेक्षा सरस होती. तिच्यात राग होता आणि मायाही होती.

हॅलमनी तिच्या वाक्याला मतं मागितली. दोन पेन्सिली वर गेल्या. माझी मांडीवरच राहिली. माझ्या वाक्याला तीन. तिसरी रोझलिंडची.

“आज पाचच मतं?” हॅलम म्हणाले. मी जिंकले होते, आणि तेही तिच्या मताने. अंगाची नुसती आग झाली.

नंतर कप धुताना ती शेजारी आली. “कुणी लिहिलंय कुणास ठाऊक, पण ते तुमच्याबद्दलच आहे, ग्वेन्डा. मला अगदी पटलं. खरं सांगू? आल्यापासून मी तुमच्यावर जळतेय.”

मी धुतलेला कप तिच्या हातात दिला. म्हणाले, “तुझं आईचं वाक्य जास्त चांगलं होतं गं.”

ती कप पुसता पुसता थांबली.

“मग मत का नाही दिलंत?”