छतातली वायर

वायरींना हात लावू नका, हे मी या हँगरमध्ये चौदा वर्षं सांगतेय. पालथ्या घड्यावर पाणी. विमानाच्या पोटात शिरलेल्या प्रत्येकाला वायरींचा जुडगा म्हणजे फुकटची शिडी वाटते. कुणी त्यावर पाय देतं, कुणी त्याला धरून उठतं, कुणी पान्हा अडकवून जेवायला जातं. तपासणीच्या कागदावर सही मात्र माझी.

त्या दिवशी सामानकक्षाच्या छतातल्या एका वायरीचं कव्हर खरवडलेलं दिसलं. आत तांबं चमकत होतं. आग लागल्याची सूचना वैमानिकापर्यंत नेणारी वायर ती. अजून थोडी घासली असती, तर मागे आग लागूनही पुढे दिवा लागला नसता. माझं डोकंच फिरलं.

साहेबांनी उलट मलाच झापलं. चाचणीत दिवा लागतोय, मग विमान कशाला अडवता, असं त्यांचं म्हणणं. वायर तुटेपर्यंत तो लागणारच, असं मी म्हटलं तर ते तरातरा निघून गेले.

हे काम हत्तीचं, याबद्दल मला शंका नव्हती. हत्ती म्हणजे आमचा धिप्पाड मेकॅनिक. मागच्याच आठवड्यात तो त्या कक्षात होता. वायरी खराब केल्याबद्दल मी त्याच्यावर आधी दोनदा लिहिलं होतं. तिसऱ्यांदा लिहिलं की परवाना जातो. घरी जुळ्या मुली आहेत, बायकोचं काम सुटलंय, सगळं मला ठाऊक होतं. तरी ‘कारण’ या रकान्यात मी त्याचं नाव लिहिलं आणि त्याला तिथेच बोलावून तोंडाला येईल ते बोलले.

त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग छताकडे पाहिलं.

“ताई, इतक्या वर माझा पाय जाईल का?”

“मग पान्हा अडकवला असशील.”

“पान्ह्याचा वळ रुंद उठतो. हा केवढासा आहे, बघा तरी.”

दाखवतेच याला, म्हणून मी टॉर्च काढला. हात मोकळे राहावेत म्हणून नेहमीसारखा त्याचा हूक जुडग्यात अडकवला. तो बरोबर त्या खाचेत बसला.

दर तपासणीला मी टॉर्च तिथेच लटकवते. तिथून सगळं छान दिसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तो काढा आधी,” हत्ती हळूच म्हणाला. “अजून घासेल.”

मी टॉर्च काढला. त्याचं नाव खोडून माझं लिहिलं. मग कपाटातून त्याच्यावरचे जुने दोन कागद काढले. पहिल्यात जागा होती चाकाजवळची, जमिनीलगत. दुसऱ्यात, माझ्याच अक्षरात: सामानकक्ष, छत.

“तेव्हा का नाही बोललास?”

“बोललो होतो, ताई. तुम्ही लिहीत होतात.”