बोल्ट ठोकलेला कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर दोन मोठे पोचे आहेत. कुशीतला पोचा मला भिंतीने दिला आणि तळाजवळचा हातोड्याने. दोन्ही वेळा मारणारा हात एकच होता. आज त्याच हाताने मी रोज घासला जातो. हे कसं घडलं ते सांगतो, ऐका.

माझा जन्मच माराचा. कारखान्यात ॲल्युमिनियमच्या चकतीवर भलंमोठं प्रेस धाडकन कोसळलं आणि मी भांडं झालो. मग मला भोकं पाडली, खिळे ठोकले, दांडी बसवली. शेवटी पोटात पाणी भरून इतका दाब दिला, की माझ्या शेजारचा भाऊ टर्रकन फाटला. त्याला भंगारात फेकलं आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं.

मला एका नव्या नवरीने विकत घेतलं. तिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा जुन्या इमारती पाडणाऱ्या टोळीचा मुकादम होता. ही माणसं दिवसभर भिंतींशी कुस्ती खेळायची आणि संध्याकाळी वाघासारखी जेवायची. माझ्यात रोज चरबीदार मटण शिजे. वर बोटभर तुपट थर तरंगे. मुकादम तो थर पावाने पुसून खायचा आणि म्हणायचा, "ताकद इथे असते!" टोळीतली माणसं बोटं चाटत माझी तारीफ करायची. मीही फुगून शिट्ट्या मारायचो.

एके दिवशी एका गोदामाची भिंत पाडताना मुकादमाने हातोडा डोक्यावर उचलला आणि तो तसाच मागे कोसळला. हातोडा त्याच्याच पायावर पडला, पण तो ओरडला नाही. तोवर सगळं संपलं होतं. हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चरबीने बुजल्या होत्या, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. ताईने बातमी ऐकली तेव्हा ती माझं झाकण लावत होती. तिने ते झाकण ओट्यावर इतक्या जोरात आपटलं, की ओट्याची फरशी तडकली.

त्यानंतर ताई मला घेऊन आपल्या धाकट्या भावाच्या घरी राहायला आली. हा भाऊ त्याच टोळीत होता आणि आता मुकादमही झाला होता. त्याचं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला 'घण' म्हणायचे. दार उघडलं नाही की लाथ, नळ गळला की हातोडा, आणि माणूस नडला की गुद्दा, असा त्याचा कारभार. त्याची बायको धोब्याच्या दुकानात इस्त्रीचं काम करायची. ती समजूतदार होती. नवऱ्याच्या संतापापुढे ती बिचारी मूग गिळून बसायची.

जुना मुकादम असा गेला म्हणून टोळीतल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं ठरलं आणि घणच्या रक्तात कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. ताई त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर तिने वहिनीला माझ्यासमोरच सगळं सांगितलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी रोज घ्यायची आणि रोज वाटीभर कडधान्य खायचं. मसूर, चवळी, राजमा, हरभरे, काहीही. त्यात एक चिकट चोथा असतो. तो पोटातून जाताना चरबीला सोबत घेऊन बाहेर पडतो. आणि मटण बंद."

"बंद?" घण आतल्या खोलीतून गरजला. "मी काय घोडा आहे हरभरे खायला?"

"घोडा असतास तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "घोडा ऐकतो तरी."

दुसऱ्या दिवशी माझ्यात पहिल्यांदाच भिजवलेले हरभरे शिजले. ताईने त्यांत कांदा, टोमॅटो, लसूण घातला. वास खरंच छान सुटला होता. घण जेवायला बसला. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं. मग मला दांडीला धरून उचललं आणि समोरच्या भिंतीवर फेकलं.

भिंतीवर हरभऱ्यांचा सडा पडला. माझी कूस आत गेली. झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं आणि त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तुटून पडला. वहिनी भिंतीला चिकटून उभी राहिली. ताई मात्र सरळ पुढे गेली आणि तिने त्या आडदांड भावाच्या कानशिलात अशी एक ठेवून दिली, की त्याचा ओठ दाताखाली येऊन फुटला.

"एकाला मी आवडीचं खाऊ घालून घालवलं," ती म्हणाली. "दुसऱ्याला नावडीचं खाऊ घालून जगवणार आहे. मार मला हवं तर. पण जेव."

घणची मूठ वळली होती. ती वर गेली नाही. त्याने जमिनीवरचा एक हरभरा उचलला, रक्ताळलेल्या तोंडात टाकला आणि चावत चावत बाहेर निघून गेला.

त्या दिवसापासून तो खाऊ लागला, पण शत्रूला चावावं तसा. माझं झाकणही त्यानेच दुरुस्त करून आणलं. "नवा व्हॉल्व्ह बसवला," तो म्हणाला. ताईला बरं वाटलं. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. कारण तो व्हॉल्व्ह नव्हताच. दुकानापर्यंत जायचा कंटाळा करून त्याने त्या भोकात एक लोखंडी बोल्ट ठोकून बसवला होता. आत वाफ कोंडून फार तापलं, की व्हॉल्व्ह वितळून तिला वाट देतो. बोल्ट वाट देत नाही.

तरी बरेच आठवडे काही झालं नाही, कारण मला ताई सांभाळायची. कडधान्य शिजताना फेस होतो, सालं सुटतात आणि ती शिट्टीच्या नळीत अडकतात. ताई रोज ती नळी धुवायची, तिच्यातून फुंकर मारून बघायची आणि मगच शिट्टी ठेवायची. मला कधी निम्म्याहून जास्त भरायची नाही.

इकडे टोळीत घणचं हसं होऊ लागलं. डब्यात रोज चवळी नाहीतर मसूर. कडधान्याची सवय नसलेल्या पोटाने आवाजही काढायला सुरुवात केली होती. टोळीत हनुवटीवर दाढी ठेवलेला एक जण होता. त्याला सगळे बोकड म्हणायचे. एका दुपारी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "मुकादम, आता हातोडा कशाला? तुम्ही नुसतं भिंतीकडे पाठ करून उभे राहा. भिंत आपोआप पडेल!"

सगळे खो खो हसले. घण हसला नाही. त्याने डबा खाली ठेवला आणि बोकडाच्या तोंडावर गुद्दा हाणला. बोकड विटांच्या ढिगावर पडला. त्यानेही वीट उचलून घणच्या बरगडीत घातली. मग दोघे धुळीत लोळले. एकाने केस धरले, दुसऱ्याने गळा. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा बोकडाचे पुढचे दोन दात विटांमध्ये पडले होते. मालकाने घणला कामावर यायला मनाई केली. राग उतरेल तेव्हा ये, म्हणाला.

हे सगळं मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. घण घरी एकटाच होता आणि भिंतींशी बोलत होता. वहिनी दुकानात, ताई बाजारात. त्याला भूक लागली. "शिजवायला काय मोठी अक्कल लागते?" असं म्हणत त्याने मला उचललं आणि भिजलेले हरभरे माझ्या गळ्यापर्यंत कोंबले. नळी धुतली नाही. शिट्टी ठोकून बसवली, आच मोठी केली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास. फेस वर आला. एक साल नळीत जाऊन घट्ट बसलं. वाफ मागे फिरली. ती बोल्टापाशी गेली, बोल्ट हलेना. तिने रबर ढकललं, झाकण ढकललं, मला आतून धडका दिल्या. कारखान्यात भाऊ फाटला तेव्हाचा दाब मला आठवला. बाहेरून मात्र मी अगदी गप्प होतो.

तेवढ्यात ताई पिशवी घेऊन आत आली.

"काय ठेवलंयस रे गॅसवर? शिट्टी का होत नाहीये?"

"होईल की. गप्प आहे तेवढं बरं आहे," घण म्हणाला.

ताईने पिशवी टाकली आणि आच बंद करायला धावत आली. तिची बोटं बटणाला लागली, तेवढ्यात मी फुटलो.

झाकण छताला जाऊन आदळलं आणि तिथलं प्लास्टर खाली आलं. खिडकीची काच फुटली. उकळते हरभरे बंदुकीच्या छऱ्यांसारखे उडाले. ताईचा उजवा हात आणि खांदा भाजून निघाला. ती किंचाळली, तशी किंकाळी मी त्या घरात कधी ऐकली नव्हती.

घण धावत आला. त्याने तिला नळाखाली धरलं, मग खांद्यावर टाकलं आणि जिन्यावरून अनवाणी पळत सुटला. काचा त्याच्या तळव्यात घुसल्या होत्या. जिन्याच्या पायऱ्यांवर त्याच्या रक्ताचे ठसे उमटत गेले.

संध्याकाळी तो एकटाच परतला. वहिनी काचा गोळा करत होती. तिने विचारलं, "ताई वाचतील ना?"

"वाचेल. हातावर व्रण राहणार."

वहिनी उभी राहिली. तिच्या हातात झाकण होतं. तिने त्याला त्यातला बोल्ट दाखवला. इतकी वर्षं गिळलेले सगळे मूग त्या दिवशी बाहेर पडले.

"हे काय आहे? हा व्हॉल्व्ह आहे? तुमचा स्वभावच असा आहे, वाट दिसली की त्यात लोखंड ठोकायचं! आज भांडं फुटलं. उद्या तुम्ही फुटाल. आणि पुन्हा भाजणार कोण? आम्हीच!"

 घणने मला उचललं, खाली अंगणात नेलं, दगडावर ठेवलं आणि कामाचा हातोडा आणला. पहिला घाव माझ्या तळाजवळ बसला. दुसऱ्यासाठी त्याने हातोडा डोक्यावर उचलला. तो तसाच वर राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याचा श्वास लागला होता. आपले भावोजी कोसळण्याआधी नेमके असेच उभे होते, हे त्याला तेव्हा उमगलं असावं. त्याने हातोडा सावकाश खाली ठेवला. मग माझ्याशेजारी मातीत बसून तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

ताई घरी आली तेव्हा कंपनीच्या माणसाने पुन्हा पाण्याचा दाब देऊन मला तपासलं होतं, माझ्यावर कंपनीचं नवं झाकण होतं, नवं रबर होतं आणि खराखुरा व्हॉल्व्ह होता. स्वयंपाक घण करत होता. ताईचा उजवा हात पट्टीने गळ्यात बांधलेला होता, म्हणून तोच तिला चमच्याने मसूर भरवायचा.

"मीठ कमी आहे," ती म्हणायची.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुला सांगितलंय. मला नाही!"

एकदा बोकड भेटायला आला. घण त्याच्या घरी जाऊन माफी मागून आला होता, तरी तो जरा बिचकतच बसला. घणने त्याच्यापुढे हरभऱ्यांची वाटी ठेवली. बोकडाने ओठ वर करून रिकाम्या हिरड्या दाखवल्या.

"वा मुकादम! दात होते तेव्हा चणे दिले नाहीत. आता चणे देता, तर दात कुठायत?"

घण लाजला. त्याने वाटी परत घेतली, हरभरे चमच्याने चेचून अगदी मऊ केले आणि पुन्हा पुढे ठेवले. या वेळी ताई सगळ्यात आधी हसली.

पुढच्या तपासणीत घणचं कोलेस्टेरॉल बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. पण गोळी सोडायची नाही आणि कडधान्यही सोडायचं नाही. दोघं मिळून काम करतायत." घरी येऊन त्याने आनंदाच्या भरात दारावर असा गुद्दा मारला, की बिजागरी निखळली. वहिनीने नुसतं पाहिलं. मग तोच मुकाट्याने पेचकस शोधायला गेला.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेलच. त्याला निम्म्याहून जास्त भरू नका. त्याची नळी रोज धुवा. त्याचं काही मोडलं तर जे हवं तेच बसवा, हाताला येईल ते ठोकू नका. आणि रोज बोलणारा एखाद्या दिवशी आचेवर असूनही अगदी गप्प झाला, तर तो शांत झाला असं समजू नका. जवळ वाकून बघू नका, झाकणाला हात लावू नका. लांबूनच, सिलिंडरवरून, आधी आच बंद करा.